वासाहतोत्तर सिद्धांत आणि माध्यमांतलं वंशाचं चित्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यम-अभ्यासाच्या वर्गात हा विषय निघाला की दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात. काही कुतूहलाचे, काही परीक्षेच्या धास्तीने विचारलेले, काही ‘हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला त्याचं काय’ अशा सुरातले. उत्तरं मुंबईत बसून लिहिली आहेत, म्हणून उदाहरणंही शक्यतो इथलीच आहेत. उत्तराची लांबी मार्कांच्या हिशोबाने ठरवलेली नाही, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वासाहतोत्तर सिद्धांत म्हणजे काय? दोन ओळींत सांगा.

परकी सत्ता देश सोडून जाते, पण तिने लावलेली पाहण्याची सवय मागे राहते. ती सवय कुठून आली, कोणाच्या सोयीची होती आणि आज ती कोण चालवतं, याचा शोध म्हणजे हा सिद्धांत.

झाल्या दोन ओळी. पुढचं ज्यांना हवं त्यांच्यासाठी: एडवर्ड सैद यांचं ‘ओरिएंटॅलिझम’ हे पुस्तक १९७८ साली आलं आणि विद्यापीठांत या चर्चेला जोर चढला. सैद जन्माने जेरुसलेमचे, शिकवायचे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. त्यांचं म्हणणं असं, की युरोपने कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, चित्रं आणि सरकारी अहवाल यांतून ‘पूर्व’ नावाची एक गोष्ट रचली. ही पूर्व गूढ, आळशी, भावनेच्या आहारी जाणारी आणि कधीच न बदलणारी. पूर्व अशी ठरली की तिला शिस्त लावायला बाहेरून कोणीतरी लागणारच. राज्य करण्याचं समर्थन त्या वर्णनातच भरून ठेवलेलं होतं.

इंग्रज १९४७ ला गेले. अजून किती दिवस तेच उगाळायचं?

लंडनच्या ‘टाइम्स’चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांचं ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक १९१० साली निघालं. त्यात टिळकांना हिंदुस्थानातल्या असंतोषाचे जनक म्हटलं होतं. टिळकांनी थेट लंडनला जाऊन बदनामीचा खटला चालवला आणि १९१९ मध्ये तो हरले. जी पदवी चिरोलसाहेबांनी आरोप म्हणून दिली, ती पुढे आपण शाळेच्या पुस्तकात अभिमानाने छापली, हा भाग वेगळा.

खटल्यामागचा प्रश्न मात्र शिळा झालेला नाही. एखाद्या समाजाबद्दल दूरच्या वाचकाला कोण सांगणार? आणि ज्याच्याबद्दल सांगितलं, त्याला उत्तर द्यायचं झालं तर किती लांब जावं लागतं, किती पैसा ओतावा लागतो? आज गोवंडीतल्या एखाद्या मुलाचा चेहरा लाल वर्तुळात घालून चॅनेलने दिवसभर दाखवला, तर त्याची अवस्था टिळकांपेक्षा वाईटच असते. टिळकांसाठी निधी गोळा करणारे लोक तरी होते.

कोणाकोणाला वाचायचं?

सुरुवात फ्रांत्झ फानाँपासून करा. मार्टिनिक बेटावर जन्मलेला, पेशाने मनोविकारतज्ज्ञ, १९६१ साली वयाच्या ३६व्या वर्षी गेला. ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ (१९५२) मध्ये एक प्रसंग आहे. एक गोरं मूल त्याच्याकडे बोट दाखवून आईला सांगतं, मला या माणसाची भीती वाटते. त्या क्षणी आपलं शरीर आपलं राहत नाही, दुसऱ्याच्या नजरेची वस्तू होतं, असं फानाँ लिहितो. माध्यमांतल्या वंशाबद्दल पुढे जे जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं या एका प्रसंगात आहे, असं माझं मत.

दुसरे स्टुअर्ट हॉल. जमैकाचे, आयुष्य इंग्लंडात गेलं. संदेश तयार करणारा त्यात एक अर्थ भरतो आणि पाहणारा आपल्या जागेवरून तो उलगडतो, तसाच उलगडेल याची खात्री नाही, ही मांडणी त्यांनी १९७३ मध्ये केली. माध्यमांच्या विद्यार्थ्याला सगळ्यात कामाला येणारे हेच.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा १९८८चा निबंध वाचायला कठीण आहे, पण त्यांचा प्रश्न साधा आहे. सगळ्यात खालच्या माणसाच्या वतीने इतके जण बोलत असताना त्याचं स्वतःचं बोलणं कोणाच्या कानावर जाईल तरी का? सतीबंदीच्या चर्चेत इंग्रज बोलले, सनातनी बोलले. त्या बाईचं म्हणणं कागदावर कुठेच उरलं नाही.

होमी भाभा समजत नाहीत. काय करू?

तुम्ही एकटे नाही. हे अणुशास्त्रज्ञ भाभा नव्हेत, साहित्याचे सिद्धांतकार. मुंबईचेच, १९४९चा जन्म, एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी, पण त्यांचं गद्य वाचताना चर्चगेटहून विरारची स्लो लोकल पकडल्यासारखं वाटतं. त्यांच्या नक्कल या कल्पनेवरच्या निबंधापुरतं सांगायचं तर: सत्तेला आपल्यासारखी बोलणारी-वागणारी प्रजा हवी असते, पण अगदी आपल्यासारखी नको असते. मेकॉलेचं १८३५चं टिपण याच मागणीचं आहे: रक्ताने हिंदी, आवडीनिवडीने इंग्रज. आणि नक्कल फार हुबेहूब झाली की मूळ मालक अस्वस्थ होतो. मालाडच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला ‘सॅम’ होणारा समीर आठवा, म्हणजे अर्धा निबंध समजेल.

वंश ही शास्त्रीय गोष्ट आहे की नाही?

माणसांच्या रंगारूपात फरक आहेत, त्यांचे कप्पे मात्र निसर्गाने पाडलेले नाहीत. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लुवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की माणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत सापडते.

आपल्याकडे कप्पे पाडायचा कारखाना हर्बर्ट रिझले यांनी चालवला. १९०१च्या जनगणनेचे हे आयुक्त. नाकाची रुंदी आणि उंची मोजून त्यांनी सिद्धांत काढला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. डॉ. आंबेडकरांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी वापरलेली नाकांची मोजमापंच हातात घेतली आणि त्यांच्याच आधारे दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे ठरत नाहीत. प्रतिपक्षाची फूटपट्टी घेऊन प्रतिपक्षालाच मोजायचं, हे त्यांचं नेहमीचं शस्त्र.

या सगळ्याचा मुंबईशी काय संबंध?

फार जुना. विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतल्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या ‘वंश आणि जमातीं’च्या फोटोंचे दोन खंड प्रसिद्ध केले. पहिला गुजरात, कच्छ, काठियावाडचा, दुसरा महाराष्ट्राचा. त्यातल्या कित्येक चित्रांत माणसं एकीकडे टिपलेली आहेत आणि मागचा देखावा दुसरीकडचा जोडलेला आहे. म्हणजे माणूस खरा, देखावा खरा, पण दोघांची भेट कधी झालीच नाही. चित्राखाली बहुधा माणसाचं नाव नसे, समाजाचं असे. समोर उभी राहिलेली व्यक्ती त्या क्षणी एका अख्ख्या जमातीचा नमुना झाली. पाठोपाठ १८६८ ते १८७५ दरम्यान सरकारी आशीर्वादाने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. १८५७ नंतरचा काळ. प्रजा कोण आहे हे ओळखून ठेवण्याची घाई समजण्यासारखी आहे.

सिनेमाही याच शहरात उतरला. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या. पुढे गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना दादासाहेब फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण येऊ लागले, आणि ३ मे १९१३ला त्याच गिरगावात कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. परक्याचं यंत्र, त्यात आपली माणसं. वासाहतोत्तर सिद्धांताला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी फाळके तो जगत होते. मात्र त्या ‘आपल्या’त कोणाला जागा होती, हा प्रश्न त्यांना विचारायला हवा. विद्यार्थी तो क्वचितच विचारतात.

जात म्हणजे आपल्याकडचा वंशच ना?

नाही, पण दोघांची ओळख जुनी आहे आणि ती मराठीतूनच झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या चळवळीच्या कागदपत्रांची चौकशी केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांना तुलना करायला कोणा इंग्रजी प्राध्यापकाची परवानगी लागली नाही.

फरक असा: काळी त्वचा दुरून दिसते, जात दिसत नाही; ती आडनावातून, गावातून, जेवणातून विचारून घेतली जाते. म्हणून माध्यमांत जातीचं चित्रण वेगळ्या रीतीने होतं, बऱ्याचदा न दाखवण्यातून होतं. २००१च्या डर्बनच्या जागतिक परिषदेत वंशवादाबरोबर जातीचाही विचार व्हावा अशी मागणी दलित संघटनांनी केली, भारत सरकारने विरोध केला. सरकारची बाजू तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. पण जात हा वंश नाही म्हणून तो घरगुती मामला ठरतो, हे मला पटत नाही.

गोऱ्या रंगाचं वेड इंग्रजांनी आणलं का?

सगळं त्यांच्या माथी मारू नका. आपल्याकडे सावळा विठ्ठल देव्हाऱ्यात आणि लग्नाच्या बायोडेटात ‘वर्ण: गव्हाळ’ किंवा ‘निमगोरा’ असा संसार बराच काळ सुखाने चालला आहे. रंगाची उतरंड इंग्रजांच्या आधीचीही आहे. इंग्रजी राजवटीने तिच्या वर आणखी एक पायरी चढवली, आणि बाजाराने त्या पायरीला किंमतपट्टी लावली.

मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आणलं. त्यापुढच्या जाहिरातींचा साचा घरोघरी पाठ आहे: सावळी मुलगी, नकार, ट्यूब, उजळलेला चेहरा, नोकरी किंवा नवरा. २०१४ मध्ये जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या, मुंबईतच असलेल्या एएससीआयने नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी किंवा कमी आकर्षक दाखवू नये. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाने केलेल्या हत्येनंतर जगभर आंदोलन पेटलं आणि इकडे क्रीमच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली. चाळणी गेली, आत्याबाई राहिल्या.

यंत्राचाही एक भाग आहे, त्याकडे कोणी बघत नाही. कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी वापरायच्या नमुना-कार्डावर वर्षानुवर्षं गोरी बाई असे. तिचं नाव पडलं ‘शर्ली कार्ड’. तिचा चेहरा नीट आला म्हणजे फिल्म नीट, असा हिशोब. गडद त्वचेचे तपशील काळोखात जात. तक्रारींची दखल घेतली गेली ती फर्निचर आणि चॉकलेटच्या कंपन्यांनी कुरकुर केल्यावर, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत ओळखू येत नव्हत्या. माणसांच्या आधी चॉकलेटला न्याय मिळाला. तुमच्या फोनमधला चेहरा आपोआप उजळणारा फिल्टर याच घराण्यातला.

नटाचा चेहरा गडद केला तर बिघडलं काय? मेकअपच तर आहे.

१९६८च्या ‘द पार्टी’मध्ये पीटर सेलर्स तोंडाला तपकिरी रंग लावून भारतीय झाला, तेव्हा आपल्याला ते खटकलं. मग ‘सुपर ३०’ आणि ‘बाला’ या २०१९च्या दोन चित्रपटांत गोऱ्या कलावंतांना सावळं केलं, ‘उडता पंजाब’मध्ये बिहारी मजूर मुलीला तसंच केलं, तर तो अभिनय कसा? गरीब, बिहारी, खालच्या जातीचा म्हणजे काळा, हे समीकरण त्या रंगाच्या डबीत असतं. आणि मुळात सावळी असलेली नटी ऑडिशनच्या रांगेतच राहते.

याची दुसरी तऱ्हाही आहे, रंग न लावण्याची. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने १९३६ मध्ये ‘अछूत कन्या’ काढला, जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्याकडून. अस्पृश्य मुलीच्या भूमिकेत देविकाराणी होत्या, कोरलेल्या भुवयांसह. प्रेक्षकाला कणव यावी म्हणून ती मुलगी प्रेक्षकाच्या घरातल्यासारखी दिसणं भाग होतं. ‘मेरी कोम’ (२०१४) मध्ये मणिपुरी खेळाडूची भूमिका प्रियांका चोप्राला दिली, तेव्हा निर्मात्यांचं गणित व्यावसायिक होतं हे मान्य. पण ईशान्येकडची नटी घेऊन सिनेमा चालणार नाही, हे गणित कोणी कधी करून तरी पाहिलं?

‘स्लमडॉग मिलियनेअर’वर चिडणं म्हणजे वासाहतोत्तर विचार का?

कधी हो, कधी नुसती अब्रूची काळजी. ही रेषा जुनी आहे, म्हणून थोडं मागून येऊ.

१९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी ‘मदर इंडिया’ लिहिलं: हिंदू घाणेरडे, कामांध, स्वराज्याला नालायक. गांधीजींनी त्याला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटलं. तीस वर्षांनी मेहबूब खान यांनी तेच नाव मुद्दाम उचललं आणि १९५७ मध्ये ‘मदर इंडिया’ काढला. नांगर ओढणारी नर्गिस हे मेयोबाईंना दिलेलं उत्तर होतं. आणि हीच नर्गिस पुढे राज्यसभेत गेल्यावर सत्यजित राय यांच्यावर घसरली, की हे परदेशात भारताची गरिबी दाखवून नाव मिळवतात. मेयोला उत्तर देता देता आपण आपल्याच सर्वोत्तम दिग्दर्शकावर मेयोचा आरोप ठेवू लागलो.

तेव्हा डॅनी बॉयल यांच्या २००८च्या चित्रपटाला ८ ऑस्कर मिळाल्यावर झालेला आरडाओरडा चाळून घ्यायला हवा. ‘आमची झोपडपट्टी जगाला दाखवली’ ही तक्रार मला लंगडी वाटते. ती विमानातून उतरतानाच दिसते. खरा आक्षेप वेगळा आहे. धारावीत कुंभारवाडा आहे, चामड्याची कामं आहेत, तेरा कंपाउंडमध्ये शहराचं प्लास्टिक वेगळं होतं. तिथला माणूस दिवसभर राबतो. पडद्यावर तो पळतो, मार खातो, नाहीतर नशिबाने सुटतो. काम करताना जवळजवळ दिसत नाही. हाच निकष मुंबईत बनलेल्या हिंदी-मराठी सिनेमाला लावा. आमच्या निर्मात्यांची धारावी बॉयल यांच्यापेक्षा फार वेगळी निघत नाही.

आपल्या सिनेमात गोरा माणूस व्हिलन असतो. हा उलटा वंशवाद झाला ना?

साचेबंद चित्रण झालं, एवढं नक्की. मसुरीत जन्मलेले, अस्खलित उर्दू बोलणारे टॉम ऑल्टर यांना हयातभर इंग्रज साहेब व्हावं लागलं. कुलाबा कॉजवेवरच्या पाठपिशवीवाल्या पर्यटकांना दलाल गाठतात आणि गाण्यात मागे नाचायला नेतात, कारण गोरा घोळका दिसला की पार्टी श्रीमंत वाटते. पण दुसऱ्या दिवशी त्यांना त्या चेहऱ्यामुळे कोणी भाड्याने खोली नाकारत नाही. तुलना इथे संपते.

बातम्यांमध्ये वंशवाद कसा ओळखायचा?

‘नायजेरियन’ या शब्दाने सुरुवात करा. नालासोपारा, मीरा रोड, वसई भागातली अमली पदार्थांची बातमी घ्या. स्थानिक आरोपीला नाव असतं, वय असतं. आफ्रिकी आरोपीला बरेचदा फक्त देश, तोही मथळ्यात. आफ्रिकेतल्या कुठल्याही देशाचा माणूस बोलीभाषेत नायजेरियनच होतो. बहुतेक वेळा वार्ताहराच्या मनात विष नसतं. पोलिसांची प्रेस नोट रात्री उशिरा येते आणि ती जशीच्या तशी उतरते. परिणाम तोच. कपड्यांचा व्यापार करणारा, शिकायला आलेला, चर्चमध्ये गाणारा आफ्रिकी माणूस बातमीतच नाही, मग वाचकाला तो कुठे भेटणार?

स्टुअर्ट हॉल आणि सहकाऱ्यांनी १९७८च्या ‘पोलिसिंग द क्रायसिस’मध्ये नेमकं हेच सोडवून दाखवलं. रस्त्यावरच्या लुटालुटीसाठी इंग्लिश वृत्तपत्रांनी अमेरिकेतून ‘मगिंग’ हा शब्द आणला, आणि त्याबरोबर काळ्या तरुणांची भीतीही आयात झाली. गुन्हा जुनाच होता, भीती नवी होती. पोलीस, न्यायाधीश आणि पत्रकार एकमेकांचे दाखले देत ती वाढवत गेले.

ज्यांना हे दूरचं वाटतं त्यांनी २०२० आठवावं. एप्रिलमध्ये कलिन्यात एका मणिपुरी तरुणीवर रस्त्यात थुंकण्याचा प्रकार घडला. ईशान्येकडच्या चेहऱ्यांना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. त्याआधीचे काही आठवडे विषाणूच्या प्रत्येक बातमीसोबत कोणते चेहरे छापले जात होते, ते जुने अंक काढून पाहा.

आणखी एक. ज्या महाराष्ट्रात मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला, ज्याने १६१०च्या सुमारास खडकी (पुण्याचं नव्हे, आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवलं, जिथे जंजिऱ्याच्या सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत होतं, तिथल्या मालिका-सिनेमांत आफ्रिकी वंशाचा माणूस विनोदाला, अंगरक्षक म्हणून किंवा गर्दुल्ला म्हणून येतो. इतिहास शत्रुत्वाचा असला तरी तो बरोबरीच्या माणसांमधला होता.

या सिद्धांतावर टीका होत नाही का?

भरपूर, आणि बरीचशी घरची. एजाज अहमद यांनी १९९२ मध्ये आणि विवेक चिबर यांनी २०१३ मध्ये मार्क्सवादी बाजूने विचारलं, की या नजरेच्या चर्चेत भांडवल आणि मजुरी कुठे गेली? गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की भारतात सिद्धांत मांडणारे वरचे आणि माहिती पुरवणारे खालचे अशी वाटणी आहे. वासाहतोत्तर मंडळीही तिला अपवाद नाहीत. भालचंद्र नेमाड्यांचा देशीवाद या चर्चेचा मराठी चुलत भाऊ म्हणता येईल, भांडकुदळ पण दुर्लक्ष करू नये असा.

माझी अडचण अलीकडची आहे. ‘हे पाश्चात्त्य नजरेतून आहे’ हे वाक्य आता कोणीही, कोणत्याही टीकेवर फेकतं. दलित लेखकाने गावाचं वर्णन केलं तरी हेच ऐकवतात. हे वाक्य कोण कोणाला ऐकवतोय, ते आधी तपासा.

प्रकल्पाला विषय काय घेऊ? ‘बॉलिवूडमधला वंशवाद’ चालेल?

नको, फार मोठा आहे आणि इंटरनेटवरून उतरवायला फार सोपा. लहान घ्या. एका मराठी दैनिकातल्या तीन महिन्यांच्या गुन्हे-बातम्या: कोणाला नाव, कोणाला फक्त देश. एका वाहिनीवरच्या मालिकांत मोलकरणीच्या त्वचेची छटा आणि मालकिणीची. किंवा एकच दृश्य घ्या: नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे. इतका वेळ त्याच्याकडे पाहून आपण काय मिळवत होतो, यावर दहा पानं लिहा, उरलेला सिनेमा बाजूला ठेवा.

आणि लिहिण्याआधी भायखळ्याला जा. राणीच्या बागेशेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. तिथे काचेच्या कपाटांत मुंबई इलाख्यातल्या लोकांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, जात आणि धंद्यानुसार. काम सुबक आहे, पाहताना मजा येते, आणि ती मजा का येते हाच तुमचा प्रकल्प. पाट्या वहीत उतरवून घ्या, विशेषतः कोणता समाज कपाटात नाही ते. बुधवारी संग्रहालय आणि बाग दोन्ही बंद असतात.